घोरण्याचा आवाज नव्हे, श्वासातला खंड मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत घोरण्यावरचे घरगुती उपाय फिरून फिरून येत असतात. झोपताना नाकात तुपाचे दोन थेंब, कोमट पाण्यात मध, नाकाला क्लिप आणि हल्ली तोंडाला चिकटपट्टी. उपाय लागू पडला की नाही, हे ठरतं शेजारी झोपणाऱ्याच्या कानावर. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा आजार, या परीक्षेत बेमालूम पास होतो. त्याची खूण आवाज बंद पडतो तेव्हा दिसते. घोरणं चढत जातं, मग एकदम शांत. छाती-पोट मात्र ओढ घेत असतं. पंधरा-वीस सेकंदांनी घुसमटल्यासारखा मोठा श्वास येतो आणि पुन्हा घोरणं सुरू. मधल्या शांततेत हवा आत जातच नसते. घरच्यांना वाटतं, थांबला एकदाचा! चिकटपट्टीबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं: नाक चोंदलेल्या माणसाचं तोंडही बंद करणं हा उपाय नाही, धोका आहे.

घसा का मिटतो, ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, नाकाला हाडाचा. त्या दोहोंच्या मधला घसा निव्वळ मांसल. जागेपणी जिभेचे आणि टाळूचे स्नायू तो उघडा धरतात. झोप लागली की ते सैल पडतात आणि स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे आरईएम टप्प्यात, जवळजवळ निपचित होतात. उताणं झोपलं तर जीभ आणि पडजीभ मागे लोंबतात. वाट अरुंद झाली की माणूस आणखी जोराने श्वास ओढतो आणि त्या ओढीनेच ती मिटते. रसवंतीवरची कागदी नळी ओली झाल्यावर जोरात ओढली की चपटी होते, तसंच. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदू दचकून काही क्षण जागा होतो, स्नायू ताठ होतात, वाट उघडते. सकाळी माणसाला यातलं काहीही आठवत नाही.

श्वासाचा प्रवाह किमान १० सेकंद जवळपास पूर्ण थांबला तर तो ॲप्निया. निदान ३० टक्क्यांनी घटला आणि सोबत ऑक्सिजन ३ टक्क्यांनी (काही ठिकाणी ४ टक्के धरतात) उतरला किंवा मेंदू जागा झाला, तर हायपोप्निया. दोन्हींची तासाला सरासरी किती, तो आकडा एएचआय. मोठ्या माणसात ५ पर्यंत चालतं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. एएचआय ३० म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा श्वास अडणं. असा माणूस सकाळी उठून ‘मस्त झोप झाली’ म्हणतो आणि दुपारी मीटिंगमध्ये पेंगतो.

हा आजार विरळा नाही. २०१९ मध्ये लॅन्सेट गटाच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयोगटातल्या सुमारे ९४ कोटी लोकांचा एएचआय ५ किंवा जास्त आहे. भारतातल्या अभ्यासांची दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी एकत्रित छाननी केली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांतलं प्रमाण ११ टक्के निघालं. पुरुषांत १३, स्त्रियांत ५. कामाच्या वयाचे सुमारे १०.४ कोटी भारतीय, त्यांपैकी ४.७ कोटी मध्यम किंवा तीव्र. यातल्या बहुतेकांची तपासणीच झालेली नसते.

कारणांत वजन पहिलं. मानेभोवतीची आणि जिभेतलीसुद्धा चरबी घसा आतून-बाहेरून दाबते. लहान किंवा मागे गेलेली हनुवटी, मोठे टॉन्सिल, चोंदलेलं नाक, वाढतं वय, रजोनिवृत्ती, थायरॉइडची कमतरता ही बाकीची. रात्रीची दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी ढिले करतात. थकवा आणि ‘झोप लागत नाही’ एवढ्या तक्रारीवर अल्प्राझोलामसारखी गुंगीची गोळी सुरू होते, वर्षानुवर्षं चालते, आणि घोरता का, हे कोणी विचारलेलं नसतं. लिहून देणाऱ्यानेही नाही.

पण वजन पहिलं म्हणून ‘मी कुठे जाडा आहे?’ हा प्रश्न पुण्यात तरी विचारू नये. इथल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. मुद्दा मधुमेहाच्या अनुषंगाने मांडलेला होता. पण वजनकाट्यावर विसंबून घशाचा अंदाज बांधणाऱ्यालाही तो लागू आहे. आशियाई चेहऱ्यात जबड्याची ठेवण लहान असल्याने कमी वजनातही घसा मिटतो. म्हणून वजनाबरोबर मान मोजावी: उभं राहून, कंठमण्याच्या जरा खाली, टेप न आवळता. ४० सेंटिमीटरच्या वर गेली तर लक्ष द्यायचं. ज्यांच्या घरी टेप नाही त्यांनी शर्टाची कॉलर पाहावी. १६ नंबर म्हणजे ४०.६ सेंटिमीटर.

मानेचं हे माप ‘स्टॉप-बँग’ या प्रश्नावलीत आहे. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी ती २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी केली. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचं कोणी पाहिलेलं असणं, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मान ४० च्या वर आणि पुरुष असणं, अशा आठ गोष्टी. तीन-चार ‘हो’ म्हणजे मध्यम शक्यता, पाच किंवा जास्त म्हणजे दाट. बीएमआयची ३५ ही रेघ आपल्यासाठी फार वर आहे, ती खाली धरावी. शस्त्रक्रिया ठरली असेल आणि घोरण्याचा इतिहास असेल, तर भूलतज्ज्ञाला आपणहून सांगावं. भुलीनंतरची वेदनाशामकं आणि गुंगीची औषधं अशा घशाला सोसत नाहीत. घरी सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा धरणारं मशीन असेल, तर ॲडमिट होताना ते बरोबर न्यावं.

स्त्रियांचं निदान हमखास राहून जातं. त्या ‘दिवसा झोप येते’ म्हणत नाहीत. झोप लागत नाही, सकाळी डोकं जड असतं, अंग मोडून येतं, चिडचिड होते असं म्हणतात. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासतात, गोळ्या सुरू होतात, ‘वयाचंच आहे’ म्हणून विषय मिटतो. बाईचं घोरणं घरात उघडपणे बोललं जात नाही, हेही आहेच.

लहान मुलांचं चित्र वेगळं. टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड वाढलेले, तोंड उघडं टाकून झोप, मान मागे टाकलेली, उशी घामाने भिजलेली, अंथरुण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू. अशी मुलं पेंगत नाहीत, उलट अतिचंचल होतात आणि शाळेतून ‘लक्ष नसतं’ अशी चिठ्ठी येते. मुलांत एएचआय १ च्या वर गेला तरी तो असामान्य मानतात. बहुतेकांना टॉन्सिल-ॲडेनॉइड काढल्यावर चांगला फरक पडतो.

दर वेळी श्वास अडला की ॲड्रेनलिनचा झटका बसतो, नाडी धावते, रक्तदाब उसळतो. रात्री १० ते २० टक्के खाली यायला हवा तो दाब येत नाही आणि हळूहळू दिवसाही चढाच राहतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ज्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, त्यांत एएचआय १५ च्या वर असणाऱ्यांना चार वर्षांनी उच्च रक्तदाब असण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. तीन औषधं पूर्ण मात्रेत, त्यात एक लघवीचं, आणि तरी बीपी आटोक्यात नाही, अशा प्रत्येक रुग्णाला चौथी गोळी लिहिण्याआधी झोपेची चौकशी व्हायला हवी. पाचच मिनिटांचं काम आहे.

रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं हे तर वर्षानुवर्षं दुसऱ्याच खात्यावर जमा होतं. पन्नाशीपुढचा पुरुष असेल तर प्रोस्टेट, नाहीतर शुगर. पण घसा बंद असताना छाती जोर करते, तेव्हा छातीत ऋण दाब तयार होऊन हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. पाणी फार झालं असं समजून हृदय लघवी वाढवणारा संप्रेरक सोडतं. मूत्राशय खरोखरच भरतं आणि माणसाला वाटतं आपल्याला लघवीने जाग आली. उपचार सुरू झाल्यावर सगळ्यात आधी सुधारणाऱ्या तक्रारींत ही एक. तेच कप्पे वारंवार ताणले गेल्याने एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची अनियमित धडधड, वाढते. पक्षाघात, हृदय कमजोर होणं, इन्सुलिनला दाद न देणारी शुगर, उदासी, लैंगिक तक्रारी, यांच्याशीही या आजाराचा संबंध आहे.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवू नये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांना सीपॅप मशीन दिलं, तरी पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची झोपाळू अवस्था आणि मनःस्थिती सुधारली. त्या लोकांचा मशीनचा वापर सरासरी रात्री ३.३ तास होता, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण ‘मशीन लावा, अटॅक टळेल’ असं छातीठोकपणे सांगणारा विक्रेता भेटला तर दोन पावलं मागे सरावं.

आता तपासणी. घरी करायच्या चाचणीत बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर, नाकात बारीक नळी आणि छातीला पट्टा असतो. ती सोपी आहे आणि तिथेच फसते. नाकातली नळी रात्री निसटते. गालावर दोन्ही बाजूंनी टेप लावावा. गडद नेलपॉलिशवरून बोटाचा सेन्सर चुकू शकतो. पट्टा बनियनवर सैल बांधला तर कुशीवर वळताच सरकतो. किमान चार तासांची स्वच्छ नोंद नसेल तर चाचणी पुन्हा करावी. आणखी मोठी अडचण हिशेबाची. यातल्या बहुतेक यंत्रांना माणूस कधी झोपला ते कळत नाही. एकूण घटना झोपेच्या तासांनी न भागता नोंदीच्या तासांनी भागतात. सात तासांच्या नोंदीत झोप चारच तास लागली असेल, तर खरा २१ चा आकडा कागदावर १२ दिसतो. म्हणून लक्षणं ठसठशीत आणि घरचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असेल, तर मेंदूच्या लहरींसह होणारी पूर्ण रात्रीची पॉलिसोम्नोग्राफी करावी. हृदय किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असणाऱ्यांनी सुरुवातच तिथून करावी. मनगटी घड्याळाने इशारा दिला तर तो तपासणीला जायचं निमित्त, निदान नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर नुसता एएचआय पाहून घडी घालू नये. उताण्या स्थितीतला एएचआय वेगळा दिलेला असतो. तो कुशीवरच्यापेक्षा दुप्पट किंवा जास्त असेल तर कुशीवर झोपण्याचा उपाय खरोखर कामाचा. आरईएममधला आकडा पाहावा. सर्वांत कमी ऑक्सिजन किती आणि ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती मिनिटं गेली, हे पाहावं. ‘सेंट्रल’ घटना बऱ्याच असतील, म्हणजे घसा उघडा असून मेंदूकडूनच आज्ञा येत नसेल, तर ते प्रकरण निराळं. सरसकट साधं मशीन देऊन भागत नाही.

मध्यम आणि तीव्र आजारात आजही सर्वांत भरवशाचा उपाय सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो मांडला. नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन घसा आतून उघडा धरायचा, एवढंच तत्त्व. दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. तत्त्व सोपं असूनही कपाटावर धूळ खात पडलेली मशिनं घरोघर आहेत, आणि बहुतेक वेळा दोष मास्कचा असतो.

मास्क दुकानात बसून मापतात, तो खरं म्हणजे आडवं होऊन, मशीन चालू ठेवून, दोन्ही कुशींवर वळून मापायला हवा. हवा गळू लागली की लोक पट्टे आवळतात. त्याने सिलिकॉनची गादी चेपली जाते, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. पट्टे पुरते सैल करून मास्क चेहऱ्यापासून उचलावा, गादी फुगू द्यावी, मग हलकेच बसवावा. पट्ट्याखाली एक बोट जायला हवं. भरघोस मिशीवर नाकाचा मास्क बसत नाही. नाकपुड्यांत टेकणाऱ्या उश्यांचा मास्क तिथे चालतो, मिशी शाबूत राहते. सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर तोंडातून हवा निसटतेय. आधी नाक मोकळं करावं: मिठाच्या पाण्याचा स्प्रे, ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे. तरीही तोंड उघडतच असेल तर नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क. पोट फुगत असेल तर हवा गिळली जातेय. दाब तपासून घ्यावा. गुदमरल्यासारखं वाटणाऱ्यांनी पहिला आठवडा संध्याकाळी टीव्ही पाहताना २०-३० मिनिटं मास्क लावून बसावं आणि रात्री दाब हळूहळू चढवणारी ‘रॅम्प’ सोय वापरावी.

पाण्याचं पुण्यात विशेष सांगावं लागतं. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे मशीनच्या हवेला ओलावा देणाऱ्या भांड्यात, बोअरचं किंवा टँकरचं पाणी घातलं की काही दिवसांत तळाला पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड पाणी वापरावं. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी श्वासात घेण्यासाठी बनवलेलं नसतं, ते नको. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून भांडं कोरडं करावं. थर धरलाच तर एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी, यात भिजवून खळखळून धुवावं. डिसेंबर-जानेवारीत खोली थंड पडली की नळीत पाणी जमून नाकात शिंतोडे येतात. मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवावं, नळी पांघरुणातून घ्यावी, आर्द्रता एक आकडा कमी करावी. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवावी; तेलकट गादी गळते. शेजारी बांधकाम चालू असेल, आणि ते कुठे नसतं, तर फिल्टर दर पंधरवड्याला पाहावा. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जातेच. रात्रीही जात असेल तर ह्युमिडिफायर बंद करून साधा घरगुती इन्व्हर्टर पुरतो. वीज जास्त खातो तो ह्युमिडिफायरचा हीटर.

मशीनचा अहवाल महिन्याने पाहावा: उरलेला एएचआय ५ च्या खाली, गळती मर्यादेत, वापर किती. रात्री ४ तास आणि १०० पैकी ७० रात्री ही तळरेषा आहे, उद्दिष्ट नाही. आरईएमची झोप पहाटे जास्त असते. तीन वाजता मास्क काढून ठेवणारा माणूस नेमके सर्वांत वाईट तास उपचाराविना काढतो. जुनं मशीन ऑनलाइन घेणाऱ्यांनी मॉडेल तपासावं. आवाज शोषणारा फोम झिजून सुटण्याच्या शक्यतेमुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली अनेक मॉडेल्स परत बोलावली होती.

इतर मार्ग आहेत. वजन १० टक्के घटलं तर एएचआय साधारण चौथ्या हिश्श्याने उतरतो. टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. ते तज्ज्ञांच्या देखरेखीतच. सौम्य-मध्यम आजारात दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण मापाने करून घेता येतं. बाजारातलं तयार नको. घशाच्या व्यायामांनी काहींना फरक पडतो. शंखवादनावर जयपूरला झालेल्या अभ्यासात सुधारणा दिसली, पण त्यात जेमतेम ३० जण होते. हौस असेल तर शंख जरूर फुंकावा, मशीन बंद न करता.

शेवटचा विषय धोरणाचा. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या हातून वाहनाचा अपघात होण्याचा धोका इतरांच्या दोन ते अडीच पट असतो. द्रुतगती मार्गावर पहाटे गाडी हाकणारे, कॅब आणि टेम्पोवाले, बसचालक यांच्यात बैठं काम, वाढलेलं पोट आणि अपुरी झोप एकत्र नांदतात. चाळिशीनंतर आणि व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या ‘फॉर्म १-ए’ या वैद्यकीय दाखल्यात दृष्टी, रंग ओळखणं, श्रवण, व्यसन यांची विचारणा आहे. झोपेत श्वास अडण्याची नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्येच आपल्या परवाना नियमांत हा आजार घेतला. आपल्याकडे त्या दाखल्यात मानेचं माप, रक्तदाब आणि चार प्रश्न घालायला खर्च काहीच नाही. आरोग्य विमाही इथे विचित्र वागतो: वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या निकषांत तीव्र स्लीप ॲप्निया मोजला जातो, पण सीपॅप यंत्र भरपाई न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतं.

मात्र निदान झालं की परवाना काढून घेणार असाल, तर एकही चालक खरं उत्तर देणार नाही. आजार लपवला जाईल आणि गाडी चालतच राहील. मशीनच्या कार्डात रोजच्या वापराचे तास नोंदलेले असतात. ती नोंद तपासून, वापर नीट असलेल्या चालकाला गाडी चालवू द्यावी. व्यावसायिक चालकाची तपासणी दर वर्षी, खासगी चालकाची तीन वर्षांनी, असं युरोपात करतात तसं परिवहन विभागाला इथेही करता येईल.

– झोपेच्या विकारांची तपासणी व उपचार करणारे काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ, पुणे